न्याहारीचे गद्य

मराठी समीक्षेने रसांची चर्चा पुष्कळ केली. पण ही सारी परिभाषा ज्या ताटावरून उचलली, त्या ताटाकडे तिने क्वचितच वळून पाहिले. भरतमुनींना असा संकोच नव्हता. ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी नाना व्यंजनांनी सिद्ध केलेल्या अन्नाचा आणि ते चवीने जेवणाऱ्या माणसाचा दृष्टान्त घेतला. पुढच्या पंडितांनी सिद्धान्त ठेवून घेतला आणि ताट उचलून मोरीत नेऊन ठेवले. मी शाळेत मराठी शिकवते, सुट्टीत कादंबऱ्या लिहिते आणि रोज सकाळी घरात न्याहारी करते. तेव्हा ते ताट परत आणून मांडण्याचा थोडा अधिकार मला असावा.

आपल्याकडे एक विशिष्ट जातीचा लेख आहे. दिवाळी अंकात तो बहुधा हटकून भेटतो. रविवारची सकाळ, तव्यावर चुरचुरणारे थालीपीठ, त्यावर विरघळणारा लोण्याचा गोळा, उशिरा उठलेली मुले, वर्तमानपत्रावरून चाललेली ओढाताण आणि या सगळ्यातून निघणारे चार-दोन हलकेफुलके किस्से. असा लेख मी कधी सोडत नाही. चिवड्याची वाटी हाताशी घेऊन तो वाचण्यात जे सुख आहे, ते पुष्कळशा गंभीर कादंबऱ्यांत नाही. मात्र आवडीच्या माणसाशीच भांडावेसे वाटते, त्याप्रमाणे मला या लेखाशी थोडे भांडायचे आहे.

प्रथम न्याहारीच का, ते सांगते. जेवण हे महाकाव्य आहे. त्याला मंगलाचरण आहे, नियम आहेत. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, वरणभातावर तूप, काहींच्या घरी अजून चित्राहुती. न्याहारीला यांपैकी काही नाही. ती ओट्याशी उभ्याने होते, बशीत होते, तव्यावरून थेट हातात येते. तिला नैवेद्याचे बंधन नाही, पानाचा क्रम नाही. वाङ्मयात तिचे सख्खे भावंड शोधायचे तर तो ललित निबंधच. दोघांनाही घरातल्या उरल्यासुरल्यातून काहीतरी चांगले उभे करायचे असते. काल रात्रीच्या पोळ्या कुस्करून, कांदा-मिरची घालून फोडणीला टाकल्या की होते फोडणीची पोळी. पण कोणा रसिकाने तिला ‘माणिकपैंजण’ असे नाव दिले आणि शिळेपण दागिन्यात लपवले. ही वाङ्मयीन करामतच नव्हे काय?

अर्थात ही रविवारची ऐसपैस न्याहारी म्हणजे महाराष्ट्राची सारी न्याहारी नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. न्याहारी हा शब्द मूळचा शेतावरचा. उन्हे वर आली की भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून बांधावर जायचा. तिथे लोण्याचा गोळा असला तर सण. शहरातल्या पांढरपेशाने तो शब्द काही काळ वापरला, मग ‘नाश्ता’ म्हटले, मग ‘ब्रेकफास्ट’ म्हटले, आणि आता लेख लिहिताना पुन्हा ‘न्याहारी’ म्हणू लागला आहे. शब्द परत आला. बांध मात्र मागेच राहिला.

आता थोडे इतिहासाकडे वळू. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी छापील कागदाला कायमची जागा करून दिली. लगेच पुढल्या वर्षी, १९१० साली, दोन पुस्तके निघाली. एक श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ आणि दुसरे लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’, अथवा एक हजार पाकक्रिया. मराठी विनोद आणि मराठी पाकशास्त्र एकाच वर्षी असे समोरासमोर उभे राहिले, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी एकमेकांना नमस्कारसुद्धा केला नाही.

कोल्हटकरांना खाद्यपदार्थांची नावे प्रिय होती. आपल्या लेखांना त्यांनी ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ असेही नाव दिले होते. पण पुस्तक उघडून पाहावे तर आत ना कांदा ना कोथिंबीर. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्रिमूर्ती भोळ्या रूढींची यथेच्छ टिंगल करीत हिंडते. पोहे येथे केवळ विनयाचे रूपक आहेत : गरिबाने श्रीमंत मित्रापुढे केलेली भेट. रूपक म्हणून ते सुरेखच आहे. मात्र भागवताच्या दशम स्कंधातली मूळ कथा पाहिली की एक गंमत दिसते. ते पोहे सुदाम्याचे नव्हतेच. त्याच्या पत्नीने शेजारीपाजारी मागून चार मुठी पोहे मिळवले, चिंधीत बांधले आणि नवऱ्याच्या हाती दिले. नवऱ्याने तर द्वारकेत पोचल्यावर ते लाजून लपवले. आणि तरीही शतकानुशतके आपण म्हणतो काय, तर ‘सुदाम्याचे पोहे’. भागवतात त्या बाईला नावसुद्धा नाही.

हा माझ्या भांडणाचा मुद्दा. तो नीट कळावा म्हणून आमच्या शेजारच्या काकांचे उदाहरण घेते. काका महिन्यातून एका रविवारी जाहीर करतात, “आज पोहे मी करणार.” मग कढई कुठली, मोहरी कोणत्या डब्यात, हिंग आधी की हळद आधी, पोहे भिजवायचे की नुसते धुवायचे, असे प्रश्न स्वयंपाकघरातून येऊ लागतात आणि काकू वर्तमानपत्राआडून त्यांची उत्तरे देतात. मी एकदा मोजले, चौदा झाले. पोहे होतात, चांगले होतात. मग आठवडाभर जिन्यात, गच्चीवर, भाजीवाल्यापाशी त्या पोह्यांचे वर्णन चालते. त्या वर्णनाला आदि, मध्य आणि अंत असतो. फोडणी जळण्याच्या बेताला आली होती हा संघर्ष असतो, वेळेवर पाण्याचा हबका मारला हा उत्कर्षबिंदू असतो, आणि नायक तर असतोच असतो. काकू उरलेले सगळे दिवस पोहे, उपमा, धिरडी, सांजा करतात. त्याला कथानक नाही. रोज होणाऱ्या गोष्टीला कथानक नसते.

आपले न्याहारीवरचे बहुतेक ललित लेख हे काकांचे पोहे आहेत. ते रुचकर असतात, हे मी कधीच नाकारणार नाही. पु. ल. देशपांडे यांचा ‘हसवणूक’ (१९६८) मधला ‘माझे खाद्यजीवन’ हा या जातीचा मुकुटमणी. थोर पुरुषाच्या आत्मचरित्राचा आव आणून त्यांनी एका खवय्याचे जीवन सांगितले, आणि त्या आवातच त्याचा विनोद आहे. लेखकाने पहिल्याच शब्दात कबुली दिली आहे की हे ‘माझे’ आहे आणि हे ‘खाद्य’जीवन आहे, रांधणाऱ्याचे नव्हे. त्यामुळे त्यात लबाडी नाही. लबाडी येते ती मागून आलेल्या अनुकरणकारांत. त्यांच्याजवळ पु. लं.ची जीभ नसते, नुसती भूक असते.

या अनुकरणांत मला तीन दोष दिसतात. पहिला यादीचा. थालीपीठ, घावन, आंबोळी, उकड, शिरा, सांजा अशी नावे आगगाडीच्या स्टेशनांसारखी येत जातात आणि गाडी कुठेच थांबत नाही. दुसरा आठवणींचा. आजीच्या हातचे सारे अमृत आणि आजचे सारे बेचव, असा एक ठराव आधीच पास झालेला असतो. आजीच्या हातचेही कधी करपले असेल. ते ज्या दिवशी करपले त्या दिवशी काय झाले, हा खरा लेखाचा विषय. तिसरा दोष विशेषणांचा, आणि तो सर्वांत मोठा. खमंग, खुसखुशीत, लुसलुशीत, चुरचुरीत : मराठीत ही विशेषणे इतकी मुबलक आणि स्वस्त आहेत की लेखकाला कष्टच पडत नाहीत.

वस्तुत: स्वयंपाकघरातली मराठी विशेषणांवर उभीच नाही. ती क्रियापदांवर उभी आहे. भाकरी थापतात, पोळी लाटतात, थालीपीठ मात्र लावतात. आंबोळी घालतात, उकड काढतात, रवा भाजतात, पोहे परततात किंवा दडपतात, फोडणी देतात. एकाही ठिकाणी दुसरे क्रियापद चालत नाही. का चालत नाही हे सांगायला गेले की पदार्थाची कृती आपोआप सांगून होते. थालीपीठ ‘लावतात’, कारण तवा गार असताना त्यावर तेल पसरून ओल्या हाताने पीठ कडेकडेने सारवत न्यायचे असते. मध्ये बोटाने भोके पाडून त्यांत तेल सोडायचे, म्हणजे आतपर्यंत शिजते. तवा तापलेला असला तर हात भाजतो. म्हणून दुसरे थालीपीठ लावण्याआधी तव्याच्या पाठीवर पाणी ओतून तो निववायचा, नाहीतर दोन तवे आळीपाळीने घ्यायचे. दडपे पोहे ‘दडपतात’, कारण पातळ पोह्यांना फोडणीच्या आधी ओले खोबरे, कांदा आणि नारळाचे पाणी लावून वर वजन ठेवतात. ते त्या ओलीवरच मऊ होतात. भाजणीचे पीठ चांगले का होते? कारण तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे हे सारे वेगवेगळे भाजायचे असते. प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. एकत्र भाजले तर धणे जळतात आणि डाळ कच्ची राहते. माझ्या मते कादंबरीतल्या पात्रांनाही हाच नियम लागू आहे. पण तो विषय वेगळा.

एवढे बारकावे ललित लेखात नसतात, ते पाकपुस्तकात असतात. आणि पाकपुस्तकाला आपण वाङ्मयच मानीत नाही, ही दुसऱ्या बाजूची चूक. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) केलेली गोष्ट शुद्ध वाङ्मयीन होती असे मी म्हणेन. १९५६ च्या कायद्यानंतर शेर, पावशेर, तोळे हळूहळू गेले आणि जुन्या पुस्तकांतल्या कृती नव्या सुनांना वाचता येईनाशा झाल्या. कमलाबाईंनी मापे दिली ती वाटीची आणि चमच्याची. वाटीवर कधी सरकारी शिक्का नव्हता, त्यामुळे कायद्याने तिचे काही बिघडले नाही. घरातल्या बाईला तिच्याच घरातल्या भांड्याच्या भाषेत सांगायचे, ही निवेदनशैलीची निवड आहे. आणि ‘मीठ चवीपुरते’ या पाकपुस्तकी वाक्याइतका वाचकावर विश्वास टाकणारे वाक्य आमच्या कादंबऱ्यांत शोधून सापडायचे नाही. आम्ही कादंबरीकार मीठ स्वत:च घालतो आणि वर पुन्हा प्रस्तावनेतही घालतो.

पण या पुस्तकांत हसू नाही. तेथे पदार्थ कधीच बिघडत नाही. कृतीच्या शेवटी तो व्हायचा तसाच होतो, मुले कधी नाक मुरडत नाहीत, पाहुणे कधी अवेळी येत नाहीत. म्हणजे १९१० साली जी फारकत झाली ती अशी : हसू एका पुस्तकात गेले, हात दुसऱ्या पुस्तकात गेला. दुर्गा भागवतांसारख्या एखाद्या विदुषीने ‘खमंग’ लिहून दोघांची गाठ घालून दिली. योगायोग असा की दुर्गाबाईंचा जन्मही १९१० चाच. पण एकटीने किती गाठी माराव्यात?

हात आणि हसू एकाच बाईपाशी असले म्हणजे काय घडते, याचा मोठा दाखला म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. त्याचा पहिला भाग १९३४ साली आला. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्यापायी घरात येणारा जिन्नस धुऊन घ्यायचा आणि त्यात घरच्या बायकामाणसांची होणारी दमछाक लक्ष्मीबाई सांगतात, तेव्हा आपण मनापासून हसतो. पण त्या हसण्यात कोणाचे हात पाण्यात भिजून पांढरे पडले हे विसरता येत नाही, कारण सांगणारी त्यांपैकीच एक आहे. तिने स्वत: सोसले आहे म्हणून तिला हसण्याचा अधिकार आहे, आणि ती हसते म्हणून तिच्या सोसण्याची कीव करण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाच्या संसारातही घर आहे, गडबड आहे, फजिती आहे. तो विनोद निर्मळ आहे; पण घरातली गंमत सांगायला नेहमी चिमणरावच पुढे येतो. काऊने एकदा सांगितली असती तर? तीच फजिती, तोच गुंड्याभाऊ. पण मला वाटते, पुस्तक निराळे झाले असते.

दुसरे टोक साने गुरुजींचे. ‘श्यामची आई’ (१९३५) मध्ये ‘अळणी भाजी’ची रात्र आहे. भाजीत मीठ पडलेले नाही हे वडिलांच्या ध्यानात येते, पण ते बोलत नाहीत. मुलेही गप्प जेवतात. आई मागून जेवायला बसते तेव्हा तिला कळते आणि ती हळहळते. कथेचे तात्पर्य संयमाचे आहे आणि वर्गात मी ते तसेच शिकवते. परंतु कादंबरी लिहिणारी बाई म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते, आणि गुरुजींनी ती न बोलता तेथे ठेवली आहे. सर्वांची जेवणे उरकेपर्यंत त्या घरात आईने भाजीची चव घेतलेली नव्हती. भाजीची बातमी तिला सर्वांत शेवटी कळली, कारण भाजीच तिला सर्वांत शेवटी मिळाली. लेखकाने याचे भाष्य केले नाही म्हणून ते टिकले. कुणा आजच्या लेखकाने येथे एक परिच्छेद अश्रू ढाळले असते.

मागे एकदा आठवीच्या वर्गाला मी निबंध घातला होता : ‘आमच्या घरची रविवारची न्याहारी’. बहुतेक मुलांनी विशेषणे लिहिली. शाळेतले शिक्षणच तसे असते; आम्हीच त्यांना ‘लुसलुशीत’च्या खाली लाल रेघेऐवजी ‘छान’ लिहून देतो. एका मुलाने शिऱ्यात बेदाणे किती याची भावाबरोबर झालेली मारामारी इतकी रंगवली होती की शिरा राहूनच गेला. त्यांत एका मुलीचा निबंध फार छोटा होता. तिने लिहिले होते की, आमच्याकडे थालीपिठे असतात. आधी बाबांचे, मग दादाचे, मग माझे. शेवटचे आईचे. ते नेहमी लहान असते, कारण तेवढेच पीठ उरते. आई म्हणते, मला लहानच आवडते. मी मोठी झाले की मलाही लहान आवडू लागेल का?

मी तो निबंध शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवला. सगळे हसले. मग आमच्यातल्या एक बाई हसता हसता थांबल्या आणि म्हणाल्या, “अहो, माझेही लहानच असते की.” पुरुष शिक्षकांपैकी एकाने डब्यातले थालीपीठ अर्धे मोडून त्यांच्यापुढे केले, त्यावर पुन्हा हशा झाला. एवढेच झाले. क्रांती वगैरे काही झाली नाही. पण चांगल्या विनोदी लेखाचे काम याहून वेगळे काय असते? हसायला लावायचे, आणि हसणाऱ्याला मध्येच आपल्या ताटाकडे पाहायला लावायचे.

त्या मुलीच्या लेखनात एकही विशेषण चवीचे नाही. क्रम आहे, माप आहे आणि एक प्रश्न आहे. तिला दु:ख सांगायचे नव्हते. तिला खरोखर माहिती हवी होती. म्हणून ते रडके झाले नाही. समीक्षेच्या भाषेत बोलायचे तर तटस्थता म्हणतात ती हीच, आणि ती आठवीतल्या मुलीला साधते नि आम्हाला पाचव्या कादंबरीतही साधत नाही.

यावर कोणी म्हणेल, बाई, तुम्ही गमतीच्या लेखाला कोर्टात उभे करता. रविवारी सकाळी दोन घास सुखाने खाऊ द्या. जरूर खावेत. सुखाने खाण्यावर माझा विश्वास आहे. ज्या घरात न्याहारी होताना कोणी हसत नाही, ते घर मला रुग्णालयासारखे वाटते. लोणी कमी घ्या, असेही मी म्हणणार नाही. मागणी एवढीच की लेखकाने लिहिताना स्वयंपाकघराच्या दाराशी थांबू नये, आत यावे. ओट्याशी उभे राहिले की तेथली गंमत बाहेरच्या गमतीपेक्षा जास्तच आहे असे आढळेल. तवा निवेपर्यंत मुलांना कशी थोपवायची, तिखट पडले की ताकाचा हबका कसा मारायचा आणि ‘आज मुद्दाम झणझणीत केले’ असे कसे ठोकून द्यायचे, पोह्यांचा लगदा झाला की त्याला नवे नाव कसे द्यायचे, हे सारे अजून लिहायचे राहिले आहे. पीठ मळणाऱ्या हातांनी त्यांतले फार थोडे लिहिले, कारण लिहायला बसायची वेळ आणि तवा तापायची वेळ एकच असते.

जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या बायांनी या अडचणीवर तोड काढली होती : दळतानाच गायचे. पहाटेच्या त्या गाण्यांत सासर आहे, माहेर आहे, देव आहे आणि कोणाकोणाची झणझणीत थट्टाही आहे; आणि त्या पिठाच्याच भाकऱ्या घरादाराने खाल्ल्या. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली छापून आली तेव्हा विद्वान थक्क झाले, की चूल आणि जाते यांतून इतके येते! ज्या बायका रोज दळत होत्या त्यांना त्याचे नवल वाटले नसावे. जाते गेले, मिक्सर आला. मिक्सरच्या आवाजात गाता येत नाही हे खरे. पण लिहिता येईल.

यंदाच्या दिवाळीत नरकचतुर्दशीला कोकणात आणि गोव्यात घरोघरी पोह्यांचे प्रकार होतील : दुधातले, गुळातले, ताकातले, फोडणीचे. ते खाऊन सुस्तावलेल्या एखाद्या लेखकाला पुढल्या अंकासाठी त्यांच्यावर लिहावेसे वाटेल. त्याने अवश्य लिहावे. फक्त कागद घेण्यापूर्वी आत जाऊन एवढे पाहून यावे, की पातेल्यात पोहे किती उरले आहेत आणि कोण अजून खायचे राहिले आहे. लेखाची सुरुवात त्याला तेथेच सापडेल.